श्रद्धांजलीची आगाऊ ऑर्डर

माझ्या मामाला ज्याने माणसं पाठवून मारलं, त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. खटला चालू आहे म्हणून नव्हे. या माणसाने जन्मभर जे काही केलं ते स्वतःचं नाव वाचायला मिळावं म्हणूनच केलं. शाळेच्या भिंतीवर, बसथांब्याच्या पत्र्यावर, रुग्णवाहिकेच्या काचेवर, पाण्याच्या टाकीवर, जिथे जागा दिसली तिथे त्याने ते रंगवून घेतलं. माझ्या हातून त्याला आणखी एक ओळ मिळायला नको. मी त्याला 'तो' म्हणणार. 'ते' तर मुळीच म्हणणार नाही, भले तो कुणाचा साहेब असो.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे, औरंगपुऱ्यातून आत वळलं की एका बोळात. एक मोठं मशीन, दोन कॉम्प्युटर आणि मशीन चालवणाऱ्या एक बाई. या शहरात आणि आजूबाजूच्या चार तालुक्यांत कुणाचाही वाढदिवस माझ्याशिवाय साजरा होत नाही, असं मी गमतीने म्हणते, पण ते फारसं खोटंही नाही. माणसं फोनवर फोटो पाठवतात आणि एका कागदावर हाताने मजकूर लिहून त्याचाही फोटो पाठवतात. त्या कागदाला आमच्या धंद्यात मॅटर म्हणतात. मग मी बसते. हनुवटीखालची लोंबती कातडी काढते, टकलावर केस पेरते, डोळ्यांखालचं काळं पुसते, आणि सगळ्यांत आधी माणसाला गोरं करते. आमच्याकडे प्रत्येक पुढाऱ्याला गोरं व्हायचं असतं. पैठणचा असो की फुलंब्रीचा, चौकात लागला की तो नुकताच दुधातून काढल्यासारखा दिसला पाहिजे.

याला अपवाद एकच होता, माझा मामा.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. पाचोडला बसस्टँडच्या बाजूला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता तो लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागला, अर्ज लिहिता लिहिता तहसीलला जायला लागला, आणि तिथल्या कारकुनांशी भांडता भांडता ग्रामपंचायतीत निवडून आला. मग सरपंच, मग जिल्हा परिषद. त्याच्या हाताच्या रेघांत ग्रीस शेवटपर्यंत होतं. शहरात मीटिंगला आला की एसटीने यायचा, रेक्झिनची पिशवी काखेत मारून थेट माझ्या दुकानात, आणि माझ्यामागे स्टूल ओढून बसायचा. त्याच्या वाढदिवसाचा पहिला फ्लेक्स मी केला तेव्हा सवयीने त्यालाही गोरं केलं. त्याने पडद्यावर बघितलं आणि उखडलाच.

"ह्यो कोन? तायडे, मला आधी व्हतो तसा कर. बाजारात मानसं वळखायची नाईत मला."

"मामा, सगळे करतात."

"सगळे करत्यात म्हनूनच नगं. उन्हात फिरलेला मानूस काळाच असतो."

मिशीला मात्र तो कलप लावायचा आणि ती पडद्यावर नीट काळी दिसते ना, हे दोनदा बघायचा. साधुसंत नव्हता तो. मामीवर खेकसायचा, कुणालाही 'करून टाकू' म्हणायचा आणि विसरायचा, रागावला की तहसीलदाराला अरे-तुरे करायचा. पण बाजाराच्या दिवशी तो कधी चुकला नाही. पाचोडचा आठवडी बाजार भरला की दोरखंड विकणाऱ्याच्या शेजारी, लिंबाखाली, एक खुर्ची आणि शिक्क्याची डबी घेऊन तो बसायचा. ज्याला रहिवासी दाखला हवा, ज्याची पेन्शन अडली, ज्याच्या विहिरीची फाइल हरवली, तो तिथे यायचा. दुपारी तीनपासून पाच-सव्वापाचपर्यंत. कुणालाही विचारलं असतं तरी मामा त्या वेळी कुठे असतो ते सांगितलं असतं. ज्यांना पाठवलं होतं त्यांना विचारावंही लागलं नाही.

भांडण बाजाराच्या जागेवरून होतं. त्या मैदानावर 'त्याला' दुमजली गाळे बांधायचे होते. दोघे एकाच पक्षातले, एकाच व्यासपीठावर शेजारी शेजारी बसणारे. मामाने ग्रामसभेत विरोध केला, मग अर्ज केला, आणि शेवटी सुनावणी लावून घेतली. पुढच्या आठवड्यात मामाचं म्हणणं नोंदवलं जाणार होतं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी माणूस मारतं का, असं मला शहरातले लोक विचारतात. मी त्यांना सांगते, तुम्ही कधी बाजाराच्या दिवशी ते मैदान बघितलं आहे का? तिथले शंभर गाळे म्हणजे 'त्याच्या' पुढच्या तीन निवडणुका.

आणि मध्ये होता एक कार्यकर्ता. हा मूळचा मामाचा. दहा वर्षं त्याने मामाची पिशवी उचलली, मामीच्या हातचं जेवला, मामीला वहिनी म्हणायचा आणि तिच्याकडून हट्टाने लाडू मागून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी तो 'त्याच्याकडे' गेला. कार्यकर्ते असे जातात-येतात, त्याचं कुणाला फार वाटत नाही. पण या माणसाला एक खोड होती आणि ती सगळ्या तालुक्याला माहीत होती. फ्लेक्स लावण्यात त्याला पहिला नंबर लागायचा. पाचोडच्या चौकात वेशीसमोरचा जो खांब आहे, तिथे ज्याचा फ्लेक्स आधी लागतो त्याचा साहेब मोठा. कुणाची निवड झाली, कुणी परीक्षा पास झालं, कुणी वारलं, की दोन तासांत याच्या साहेबाचा फोटो त्या खांबावर हात जोडून उभा. दुसऱ्या गटाचे लोक शहरात फोन करेपर्यंत याचा फ्लेक्स दोरीने बांधूनही झालेला असायचा. त्यासाठी तो मला जीव नकोसा करून सोडायचा. सकाळपासून मेसेज, झालं का, निघालं का, कुठवर आलं. मामाला सोडून गेल्यावरही त्याच्या फोनमधल्या दोन फ्लेक्सवाल्यांत माझा नंबर होताच. दुसरा वाळूजकडच्या एका दुकानाचा.

त्या दिवशी दुपारी मी एका बिल्डरचे दात पांढरे करत होते. दुकानाचा फोन टेबलावर होता. तीन वाजून चाळीस मिनिटांनी तो वाजला, मी उचलून बघितलं. त्या कार्यकर्त्याचं नाव आणि खाली 'दोन फोटो'. माझ्या तोंडून निघालं, "आला मेला!" मी ते उघडलं नाही. आता उघडलं की लगेच वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला दिसणार आणि तो दर पाच मिनिटांनी विचारत बसणार, म्हणून मी फोन पालथा ठेवला आणि दातांकडे वळले.

हे मी आता सरळ लिहिते आहे. पण घरात हे सांगायला मला खूप काळ लागला.

सव्वापाचच्या सुमाराला मामा खुर्ची घडी करत होता. मोटारसायकलवरून दोघे आले. कोयते होते. दोरखंडवाल्याने त्यांच्या अंगावर दोराचं बंडल फेकलं, त्यात कोयत्याने त्याचा स्वतःचा हात कापला गेला. शहरात आणेपर्यंत मामा गेला होता. मी घाटी दवाखान्याच्या दारात उभी होते, आई जमिनीवर बसली होती, आणि पाचोडहून कुणीतरी फोन करून रडत रडत सांगत होतं की गाव बंद झालंय, आणि वेशीवर केवढा मोठा फ्लेक्स लागलाय, भावपूर्ण श्रद्धांजली. शवविच्छेदन व्हायचं होतं. प्रेत यायच्या आधी फ्लेक्स आला. त्यात वर मामा होता, काळापांढरा, आणि खाली हात जोडलेला 'तो', मामापेक्षा वीतभर मोठा आणि मस्त गोरा. लोक म्हणाले, विरोधक असला तरी किती तत्परता. मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. त्या कार्यकर्त्याची खोडच ती, एवढंच मनात आलं.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. मामीला घरात लावायला मामाचा एक फोटो हवा होता. आमच्या मशीनवरच्या बाईंची एक पद्धत आहे. तासा-तासाने त्या दुकानाच्या फोनवर आलेलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून त्या दिवसाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकतात. बघत नाहीत, वाचत नाहीत, नुसतं उतरवतात, कारण एकदा एका लग्नाचे फोटो हरवले होते आणि त्यावरून माझी बोलणी त्यांनी खाल्ली होती. मी त्या दिवसाचं फोल्डर उघडलं. त्यात मामाचा फोटो होता, मीच केलेला, वाढदिवसाचा, काळाच ठेवलेला. त्याच्या शेजारी वहीच्या पानावर निळ्या पेनने लिहिलेलं मॅटर. वर भावपूर्ण श्रद्धांजली. मग मामाचं नाव. मग 'फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, खाली साहेबांचा मोठा, दहा बाय पंधरा, सातपर्यंत पाहिजेच.' अक्षर मी ओळखत होते. दहा वर्षं मी त्याच अक्षरावरून मामाचे फ्लेक्स केले होते.

फाइल उतरल्याची वेळ चार वाजून दहा मिनिटं. फोनमध्ये बघितलं तर तीन चाळीसच्या समोर दोन रिकाम्या ओळी, संदेश डिलीट केला आहे. पुढे तपासात कळलं, त्याला ते वाळूजवाल्याला पाठवायचं होतं. घाईत ते माझ्याकडे आलं, आणि सहाला वाळूजवाला 'काहीच आलं नाही' म्हणाला तेव्हा याच्या लक्षात आलं. त्याने इकडचं पुसलं आणि तिकडे पाठवलं. माणूस मरायच्या दीड तास आधी श्रद्धांजलीची ऑर्डर! दुसरा कुठलाही गुन्हेगार ही चूक करणार नाही. पण त्याला काय ठाऊक होतं, तर बाजाराचा दिवस आहे, मशीनवर रांग असेल, आणि वेशीवरचा खांब दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये.

मी खुर्चीत बसून राहिले. आधी संताप आला. आता मी यांना सोडत नाही, एवढंच डोक्यात होतं. आणि मग, त्या संतापाच्या मागून, दुसरी गोष्ट आली. चार वाजता मामाने मामीला फोन केला होता, वांगी आणू का दोडके, विचारायला. हे ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. म्हणजे मामाचा फोन चालू होता. मामा उचलत होता. मी तो मेसेज उघडला असता तर एक फोन करायचा होता, ऊठ आणि घरी जा, एवढंच सांगायला.

पोलिसांना मी सगळं दिलं. फोन दिला, कॉम्प्युटर दिला, बाईंचा जबाब झाला, माझा झाला. जबाबात मी खरं तेच सांगितलं. महिन्याभरात कार्यकर्ता आत गेला, मोटारसायकलवरचे दोघे जालन्याकडे सापडले, आणि शेवटी 'तो'. पण मामीला मी वेगळं सांगितलं. म्हटलं, ते मॅटर पोलिसांनी कार्यकर्त्याच्या फोनमधून काढलं, माझ्या दुकानाचा काहीतरी संबंध आहे म्हणून मला साक्षीला बोलावतील. मामीने पुढे काही विचारलं नाही. तिला एकच हवं होतं.

"मला त्याचा जीव नगं," ती म्हणायची. "जीव गेला की सुटला. त्यानं रोज सकाळी उठावं आन म्होरं गज दिसावेत. म्हातारा व्हईस्तवर."

मला तिच्याहून जास्त हवं होतं. मी 'त्याचा' फोटो पडद्यावर मोठा करून बघत बसायची, एक डोळा अख्ख्या पडद्याएवढा. नाकावरची छिद्रं मोजायची. या चेहऱ्याला मी वर्षानुवर्षं उजळवलं होतं, या माझ्या हातांनी, हे आठवलं की हात धुवावेसे वाटायचे. 'त्याला' अटक व्हायच्या आधी दिवाळी आली होती. आमच्या बोळात एका दुकानाला काम जास्त झालं की दुसऱ्याकडे देतात, तसा शेजारच्याकडून 'त्याचा' दिवाळी शुभेच्छांचा फ्लेक्स माझ्या मशीनवर आला. मी नाही म्हटलं नाही. त्यातला लाल रंग अर्ध्यावर आणला आणि उन्हात न टिकणारी शाई लावली. लक्ष्मीपूजनापर्यंत 'तो' ठीक होता, भाऊबीजेला पिवळा पडायला लागला आणि आठवड्याने सगळ्या तालुक्यात काविळीने आजारी होऊन हात जोडत उभा होता. लोक हसले. मी पाचोडला मुद्दाम जाऊन बघून आले. खूप बरं वाटलं, हे मी का लपवू? मात्र परतीच्या बसमध्येच ते बरं वाटणं संपलं.

सात-आठ महिन्यांनी 'तो' जामिनावर सुटला. ढोल वाजले. पुढे प्रत्येक तारखेला तो कोर्टात यायचा तेव्हा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मागे वीस-पंचवीस लोक, आणि पायऱ्यांवर म्हातारी माणसं त्याच्या पाया पडायची. मामी एकटी यायची, पाचोडच्या एसटीने. मी तिला सेंट्रल बसस्टँडवर घ्यायला जायची. तिथून अदालत रोडला रिक्षाने. ती माझ्यासाठी वेगळी भाकरी बांधून आणायची, माझी आई गेल्या वर्षी वारली तेव्हापासून तर न चुकता. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून आम्ही खायचो आणि 'त्याच्याकडे' बघायचो. कधी साक्षीदार नाही, कधी न्यायाधीश रजेवर, कधी 'त्याचा' वकील आजारी. मामी म्हणायची, "येऊ दे त्याला किती दिस येतो ते. मी बी येते." दोरखंडवाल्याने साक्षीत काहीच दिसलं नाही म्हणून सांगितलं तेव्हाही ती रडली नाही. खाली उतरताना तिने त्याला थांबवून एवढंच विचारलं, "दोर तर तूच फेकला व्हता ना रं?" तो मान खाली घालून निघून गेला. बाजारातले आणखी दोन साक्षीदारही फिरले. माझ्या मशीनवरच्या बाई तेवढ्या ठाम राहिल्या, पण त्यांनी आत काय आहे ते न बघता फक्त फाइल उतरवली होती, मेसेज येताना बघितला नव्हता.

राहिले मी.

सरकारी वकीलबाईंनी मला आदल्या आठवड्यात बोलावून स्पष्ट सांगितलं. समोरचा वकील हुशार आहे. तो म्हणणार, हा मेसेज नंतर कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये घातला. तो तीन चाळीसलाच आला हे डोळ्यांनी बघणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. फोन तुमच्या हातात होता, नाव तुम्ही वाचलंत, हे ठामपणे सांगा. इथे जरा हललात तर 'तो' सुटला समजा.

"घरच्यांना माहीत आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

साक्षीच्या दिवशी सकाळी बसस्टँडवर मामीला सांगायचं ठरवून गेले. ती उतरली, पदर नीट केला, म्हणाली, "आज तुझी पाळी ना? नीट खाऊन घे आधी, तोंड सुकलंय." रिक्षात मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने आपणहून माझा हात हातात घेतला. तिला वाटलं मी घाबरले आहे. मी घाबरलेच होते, पण कोर्टाला नाही. मामीची साक्ष आधीच झाली होती, त्यामुळे तिला आत बसायची परवानगी होती. ती मागच्या बाकावर बसली, बरोबर माझ्या समोर.

'त्याचा' वकील मोठा गोड माणूस. आवाज खाली, चेहऱ्यावर काळजी. आधी माझ्या धंद्याचं कौतुक केलं. मग म्हणाला, "ताई, सख्ख्या मामाच्या श्रद्धांजलीचा मजकूर भाचीच्या फोनवर येतो. मामा जिवंत आहेत. आणि भाची काहीही करत नाही. कुणालाही फोन नाही, आरडाओरडा नाही. हे तुम्हाला नैसर्गिक वाटतं?"

तो उत्तरासाठी थांबलाही नाही.

"मला विचाराल तर नाही वाटत. तुम्ही मामांवर एवढी माया करायच्या. मला वाटतं, तेव्हा फोन तुमच्याकडे नव्हताच. तुम्ही मेसेज येताना पाहिलाच नाही. मागाहून कुणीतरी तो तिथे ठेवला आणि तुमच्या दुःखाचा फायदा घेतला. असंच झालं ना? एवढं हो म्हणा, तुमच्यावर कसलाच दोष येत नाही."

त्याने दार उघडून दिलं होतं आणि ते दार मला दिसत होतं. हो म्हटलं असतं तर मामी मला जवळ घेऊन व्हरांड्यात बसली असती. आणि 'तो' संध्याकाळी ढोल वाजवत वेशीतून आत गेला असता. मी 'त्याच्याकडे' बघितलं. तो माझ्याकडे बघतही नव्हता, बाहीवरचा धागा काढत होता. त्याचं सगळं ठरलेलं होतं. मला त्याचा इतका राग आला की मामीचा विचार बाजूला पडला. खरं सांगायचं तर मी तो बाजूला ढकलला.

"नाही," मी म्हटलं. "फोन माझ्या हातात होता. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी त्याचं नाव वाचलं. दोन फोटो आलेले दिसले. उघडले नाहीत."

"का नाही उघडले?"

"कंटाळा केला. तो माणूस ऑर्डर दिली की डोकं खातो. म्हणून मी फोन पालथा ठेवला."

"आणि उघडले असते तर?"

सरकारी वकीलबाई हरकत घ्यायला उठल्या. मी थांबले नाही.

"तर मामा वाचला असता. बाजारात फोन लागत होता, मी त्याला घरी पाठवलं असतं. मी पालथा ठेवला म्हणून तो मेला. पण मेसेज तीन चाळीसलाच आला. ह्या माणसाच्या फ्लेक्सची ऑर्डर होती, ह्याच्या कार्यकर्त्याच्या हातच्या अक्षरात, मामा जिवंत असताना. हे तुम्ही मला कितीदाही विचारा."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, तसं लिहा. कीबोर्डवर बोटं पडत होती आणि 'फोन पालथा ठेवला' हे शब्द पडद्यावर उमटताना मला दिसले. 'त्याने' मान वर केली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं तो चेहरा मी हाताळला, पण असा कधी पाहिला नव्हता. ओठ कोरडे पडले होते. वकील वाकून त्याच्या कानात काही बोलला तर त्याने हात झटकला. मी ते डोळे भरून बघून घेतलं. घाई केली नाही. मागच्या बाकाकडे बघायची हिंमत नव्हती म्हणूनही असेल.

बाहेर व्हरांड्यात मामी खांबाला टेकून उभी होती. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. मी जवळ गेले. तिने मला वरून खाली बघितलं.

"किती वाजता म्हनलीस?"

"तीन चाळीस."

"आन त्यांना मारलं सव्वापाचला."

"व्हय मामी."

"तीन वर्सं मी तुझ्या जवळ बसून भाकर खाल्ली."

पाया पडावं म्हणून वाकले तर ती मागे सरकली. आवाज चढवला नाही. कोर्टात बोलतात तसा हळू आवाज.

"आज तू बोललीस ते चांगलं केलं. त्याचं तोंड पायलं मी. आधी त्याला आत जाऊ दे. तवर मी तुला काय बोलत नाय. त्याचं झालं की मग तुझं बघते."

मी रिक्षा थांबवली, पण ती चालतच बसस्टँडकडे गेली.

त्यानंतर चार तारखा झाल्या. मी बसस्टँडवर जाते, ती मला ओलांडून जाते. कोर्टात ती मागच्याच बाकावर बसते. 'तो' आता पंचवीस माणसं आणत नाही, पाच-सहा आणतो, आणि पायऱ्यांवर कुणी वाकत नाही. सरकारी वकीलबाई म्हणतात, तुमच्या साक्षीने खटला उभा राहिला, वकिलांची शेवटची भाषणं झाली की निकाल, आणि तो आपल्या बाजूने लागेल. लागू दे. माझ्यासाठी काय ठेवलं आहे ते मला माहीत आहे, तरी मला तो लवकर लागायला हवा आहे. 'त्याला' जन्मठेप सुनावतील तेव्हा मी पहिल्या बाकावर बसणार आहे, आणि माझ्या मागे मामी असेल.